घरच्या घरी ग्लूटेन-फ्री पिझ्झा: गहू बंद झालेल्या घरासाठी

मैद्याच्या पिझ्झाची कृती घ्यायची, मैद्याच्या जागी तांदळाचं पीठ घालायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, असा विचार जवळजवळ प्रत्येकजण करतो. मग ओव्हनमधून फरशी बाहेर येते. मैदा पाण्यात मळला की त्यातल्या ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांची ताणली जाणारी जाळी तयार होते, तिलाच ग्लूटेन म्हणतात. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो आणि पीठ फुगतं. ज्वारी, तांदूळ, नाचणी, वरी यांत ती जाळी नाही. तुम्ही कितीही मळलंत तरी ती येणार नाही.

म्हणून मैद्याची कृती बाजूला ठेवा आणि भाकरीपासून सुरुवात करा. ताजं पीठ, भरपूर पाणी, लाटण्याऐवजी थापणं: ग्लूटेनशिवाय पीठ कसं हाताळायचं ते भाकरी करणाऱ्या हातांना आधीच ठाऊक आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालायची, इसबगोल आणि यीस्ट. आमच्या मुलीला सिलिअॅक (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचं कळलं तेव्हापासून आमच्याकडे पिझ्झा असाच होतो.

१. पिझ्झा कोणासाठी, ते आधी ठरवा

घरात कोणाला सिलिअॅकचा नुसता संशय असेल, तर तपासणीआधी गहू बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि त्यानंतरची बायॉप्सी या दोन्ही रोजच्या जेवणात गहू चालू असतानाच भरवशाच्या असतात. आधीच पोळी सोडली तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि निदान लांबतं. पिझ्झा थोडा थांबला तरी चालेल.

निदान झालेलं असेल तर ‘थोडंसं चालतं’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. सिलिअॅकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते, आणि त्याला पोळीचा चुराही पुरतो. पोटात दुखलं नाही म्हणजे आतड्याला काही झालं नाही, असंही नाही. कोणी म्हणेल, ओव्हनच्या आचेत ग्लूटेन जळून जातं. ते जंतू नव्हे, प्रथिन आहे. बेकिंगच्या तापमानाला ते कुठे जात नाही. आजी-आजोबांना हे पटत नसेल तर त्यांना विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाची हकिकत सांगा. गव्हावर त्याचा संशय आधीपासूनच होता. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं सुधारली. ब्रेड परत आला आणि ती पुन्हा खंगली. नातवंडाच्या ताटात ‘एक घास’ सरकवणारे हात हे ऐकून थांबतात, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना आजार नाही, केवळ मैदा कमी करायचा आहे, त्यांनी पुढचा भाग क्रमांक दोन चाळून सोडला तरी हरकत नाही. बाकीच्यांनी तोच सगळ्यात नीट वाचावा.

२. स्वयंपाकघरातला गहू आवरा

पीठ बिघडलं तर पिझ्झा बिघडतो, इथे चुकलं तर माणूस आजारी पडतो.

पहिली अडचण गिरणीची. ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून नेली, पण तुमच्या आधी त्याच जात्यात गहू दळला गेला असेल तर तुमच्या डब्यात गव्हाचं पीठ आलंच. ‘पहिलं पायलीभर पीठ बाजूला काढतो’ असं गिरणीवाले काका प्रेमाने सांगतील. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण हवेतल्या पिठाचं काय करणार? घरघंटी परवडत असेल तर घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. नसेल तर ‘ग्लूटेन-फ्री’ असं स्पष्ट छापलेलं पाकीट घ्या. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार त्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये. नुसतं ‘शुद्ध ज्वारी’ असं लिहिलेलं पाकीट म्हणजे ग्लूटेन-फ्री पाकीट नव्हे.

दुसरी अडचण भांड्यांची. लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, पिठाची चाळणी, पोळ्यांचा लोखंडी तवा: यांच्या रेघांत, जाळीत आणि थरांत गहू बसलेला असतो, घासून पूर्ण निघत नाही. पिझ्झासाठी वेगळी चाळणी आणि वेगळा तवा ठेवा. स्टीलची परात, काचेचं भांडं, गुळगुळीत अॅल्युमिनियमचा ट्रे साबणाने नीट घासून वापरता येतात. ओव्हनची जाळी धुऊन घ्या, शिवाय तिच्यावर फॉइल घाला.

तिसरी, वेळेची. कणीक चाळली की तिची धूळ बराच वेळ हवेत तरंगते आणि मग ओट्यावर बसते. ज्या दिवशी पिझ्झा, त्या दिवशी पोळ्या नंतर करा किंवा बाहेरून आणा.

आता लेबलं. गव्हाखेरीज जव (बार्ली) आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतही ग्लूटेन आहे, म्हणून ‘माल्ट’ किंवा ‘बार्ली’ दिसलं की पाकीट परत फळीवर. ओट्समध्ये मुळात गव्हाचं ग्लूटेन नसलं तरी ते बहुधा गव्हाबरोबर मिसळलेले असतात, आणि काही रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत; डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आपल्याकडचे खास सापळे असे:

- खपली गहू. ‘खपली चालते, ती पचायला हलकी’ हे तुम्हाला किमान एक नातेवाईक सांगणारच. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे.
- थालीपिठाची भाजणी आणि सातूचं पीठ. दोन्हींत बहुतेक घरांत गहू पडतो.
- डबीतला हिंग. बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, घटक वाचून घ्या.
- सोया सॉस आणि सोया चाप. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, चापमध्ये मैदा.
- सॉसेज, सलामी, तयार कबाब. भरीला ब्रेडचा चुरा घातलेला असू शकतो.

३. पिठं: कोणतं, कशासाठी

एकच पीठ वापरलं तर पिझ्झा जमत नाही. चव देणारं एक पीठ, हलकेपणा देणारं एक आणि लवचिकपणासाठी एक स्टार्च, असं तिघांचं मिश्रण लागतं.

चवीसाठी मी ज्वारीच घेते. सोलापूर-मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर उत्तम: पांढरी, गोडसर, टोमॅटोच्या आंबटपणाला छान उत्तर देणारी. मात्र पीठ ताजं हवं. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी जशी कडेला फाटते, तसाच हा बेसही फाटतो, आणि जुन्या पिठाचा कडवटपणा चीजखाली लपत नाही. बाजरी तर फारच लवकर खवट होते, म्हणून नवख्यांनी बाजरीच्या वाटेला जाऊ नये. नाचणी चालते, पण सगळ्या ज्वारीच्या जागी नको. बेस चॉकलेटी दिसतो आणि मुलं संशयाने बघतात.

हलकेपणासाठी तांदूळ. इथे जाडसर पीठ घेतलं तर दाताखाली रवाळ लागतं. उकडीच्या मोदकांसाठी जे बारीक पीठ मिळतं ते घ्या.

स्टार्चसाठी टॅपिओका स्टार्च सर्वांत चांगला, आणि तो न मिळाल्यास कॉर्नफ्लोअर. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ वेगळं, ते इथे नको. साबुदाणाही टॅपिओकाचाच, म्हणून मिक्सरमध्ये दळून वापरता येईल का असं विचारतात. येतो, पण साबुदाणा तयार करताना थोडा शिजलेला असतो, त्यामुळे तो जास्त पाणी पितो आणि बेस चिकट होतो. नाइलाज असेल तरच.

परदेशात राहणाऱ्यांना तयार मिश्रणं सहज मिळतात. इटलीत सिलिअॅकच्या रुग्णांना ग्लूटेन-फ्री अन्नासाठी सरकारकडून दरमहा ठरावीक रकमेची मदत मिळते, त्यामुळे तिथला बाजार मोठा आहे. कापुतो कंपनीचं फिओरेग्लूट हे पीठ अनेकजण वाखाणतात. पण त्यात ग्लूटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च असतो. सिलिअॅकवाल्यांना तो चालतो. ज्यांना गव्हाची अॅलर्जी आहे त्यांनी मात्र त्यापासून दूर राहावं. सिलिअॅक आणि अॅलर्जी हे दोन वेगळे प्रकार आहेत.

४. सामान: साधारण ९ इंची दोन पिझ्झांसाठी

- ज्वारीचं पीठ १०० ग्रॅम
- तांदळाचं बारीक पीठ १०० ग्रॅम
- टॅपिओका स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर १०० ग्रॅम
- इसबगोल १८ ग्रॅम (साधारण चार मोठे चमचे). पूड असेल तर १५ ग्रॅम
- ड्राय यीस्ट ५ ग्रॅम, साखर १० ग्रॅम
- मीठ ६ ग्रॅम
- तेल २० मिली, शिवाय हाताला लावायला
- व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १ छोटा चमचा
- कोमट पाणी ३०० मिली, आणखी ३० मिली हाताशी

आणि एक वजनकाटा. वाटीने मोजू नका. दाबून भरलेली तांदळाच्या पिठाची वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत इतका फरक पडतो की एकदा बेस जमतो आणि पुढच्या वेळी त्याच कृतीने चिखल होतो.

इसबगोल औषधांच्या दुकानातून आणा, पण साधा. संत्र्याच्या स्वादाचा, साखर घातलेला जास्त खपतो आणि दुकानदार तोच हातात देतो. झँथन गम हा पर्याय पाककृतींत दिसतो. त्याने पीठ बांधलं जातं, पण थापता येईल असं लवचिक होत नाही. पिझ्झाला इसबगोलच बरा.

५. पीठ भिजवा

१०० मिली कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. पाण्यात बोट सुखाने राहिलं पाहिजे. चटका बसत असेल तर यीस्ट मरेल. वर फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या आणि नवीन पाकीट उघडा, पुढे जाऊन काही उपयोग नाही.

दुसऱ्या भांड्यात २०० मिली पाणी घ्या. त्यात इसबगोल भुरभुरवत, सतत ढवळत घाला. एकदम ओतलात तर गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. पाच-दहा मिनिटांत घट्ट जेली होईल. मैद्यातली जाळी जे काम करते, ते आता ही जेली करणार आहे.

तिन्ही पिठं आणि मीठ दोनदा चाळून एकत्र करा. त्यात जेली, यीस्टचं पाणी, तेल आणि व्हिनेगर घालून हाताने पाच मिनिटं चांगलं रगडा. जेली पिठात पूर्ण मुरली पाहिजे, तिचे पारदर्शक तुकडे दिसता कामा नयेत. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि थालीपिठाच्या पिठासारखं चिकट वाटेल. तसंच हवं. कोरडं वाटलं तर हाताशी ठेवलेलं पाणी चमच्याचमच्याने घाला.

इथेच सगळ्यात मोठा मोह होतो: चिकटतंय म्हणून वरून पीठ भुरभुरवायचा. ते करू नका. हे पीठ भाजताना खूप पाणी पितं. आत्ता हाताला छान वाटणारा कोरडा गोळा उद्या दगड होतो. हाताला तेल लावा, काम होतं.

६. थापा आणि एकदाच फुगू द्या

मैद्याचं पीठ दोनदा फुगवतात, मध्ये दाबून हवा काढतात. इथे तसं केलं तर गेलेली हवा परत येत नाही. म्हणून आधी आकार द्यायचा, मग फुगवायचं.

बेकिंग पेपरवर तेल लावा. किराणा दुकानात मिळणारा पातळ बटर पेपर गुंडाळण्यासाठी असतो, ओव्हनमध्ये तो चिकटतो आणि धुरकटतो. पाकिटावर बेकिंगसाठी आहे असं लिहिलेलं बघून घ्या. पिठाचा अर्धा गोळा मध्ये ठेवून तेलाच्या बोटांनी मधून बाहेर थापत जा. जाडी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त, कडेला बोटभर उंच काठ. मधला भाग कडेपेक्षा जाड राहिला तर तो कच्चा राहणार हे नक्की.

वर झाकण किंवा उलटी परात ठेवून ४० ते ६० मिनिटं उबेत ठेवा. उन्हाळ्यात लवकर होतं. पावसाळी गारव्यात बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीसोबत ठेवा. पीठ दुप्पट होईल अशी वाट बघत बसू नका. दीडपट झालं, बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरत आला, की पुरे. जास्त फुगलं तर ओव्हनमध्ये खाली बसतं.

७. आधी नुसता बेस भाजा

ही पायरी टाळायची नाही. कच्च्या बेसवर सॉस घातला तर खालचा थर गिचका राहतो, वरचं चीज मात्र करपतं.

ओव्हन २३० अंशांवर, वरखालच्या दोन्ही कॉइल चालू ठेवून, २० मिनिटं तापू द्या. आत एक ट्रे उलटा ठेवून तोही तापवा. बेस कागदासकट त्या ट्रेवर सरकवा. कागद कॉइलला लागणार नाही इतका कापून घ्या. १० ते १२ मिनिटांत कडा सोनेरी होतील आणि वरचा भाग कोरडा लागेल. ज्वारीमुळे रंग मैद्याइतका खुलत नाही, म्हणून रंगावर जाऊ नका. उचलून खालची बाजू पाहा. कधी कधी बेसला किंचित जांभळी झाक येते. ती इसबगोलाची, घाबरू नका.

कन्व्हेक्शन मायक्रोव्हेव २०० अंशांपर्यंतच जात असेल तर पाच मिनिटं जास्त द्या. नुसत्या मायक्रोव्हेव मोडवर हे होत नाही.

८. सॉस, चीज आणि वरचं सामान

सॉस घरीच करा. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो, चार लसूण पाकळ्या, तेल, मीठ. चमचा फिरवला की कढईचा तळ दिसेल इतका आटवा. पातळ सॉस या बेसचा शत्रू आहे. ऑरेगॅनोच्या छोट्या पुड्यांवरचे घटक वाचा, किंवा सरळ सुकी पानं घ्या. किसून मिळणाऱ्या चीजमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून स्टार्च घालतात. त्यापेक्षा मोझरेलाचा ठोकळा आणून घरी किसा.

कांदा, ढोबळी मिरची पातळ चिरा. मशरूम आणि पालक आधी परतून पाणी घालवा. पनीर टिक्का घालायचा असेल तर विकतच्या मसाल्यातला हिंग विसरू नका. भाज्यांचा ढीग नको, बेस वाकतो. मग पुन्हा ओव्हनमध्ये ८ ते १० मिनिटं, चीजवर तांबूस ठिपके येईपर्यंत. बाहेर काढल्यावर तीन-चार मिनिटं जाळीवर थांबा आणि मगच कापा, नाहीतर आतली वाफ खालून बेस ओला करते. कापायची सुरी घरातल्या ब्रेडची नको.

९. ओव्हन नसेल तर

जाड बुडाचा, गव्हासाठी न वापरलेला तवा घ्या. थापून फुगवलेला बेस तेल लावलेल्या तव्यावर उलटा, कागद सोलून काढा, झाकण ठेवून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं. भाजलेली बाजू वर येईल असा परता, तिच्यावर सॉस-चीज घाला, आच मंद करा, झाकण ठेवा. चीज वितळेल, तांबूस होणार नाही. बेस थोडा पातळ थापलात तर आतपर्यंत शिजतो.

यीस्टचा खटाटोप नको असेल त्या दिवशी ज्वारीची उकड काढा: वाटीभर पाणी, मीठ, चमचाभर तेल उकळून त्यात वाटीभर पीठ, झाकून वाफ, मग मळून जाडसर भाकरी थापायची. हा पिझ्झा नव्हे, चीज घातलेली भाकरी आहे, पण शाळेतून भुकेलेलं मूल आलं की अर्ध्या तासात होते. बेसन आवडत असेल तर इटलीच्या लिगुरिया भागातली फारिनाता करून बघा. बेसन, पाणी, तेल, मीठ एवढंच; पातळ भिजवून काही तास ठेवायचं आणि भरपूर तेलात, खूप तापलेल्या ओव्हनमध्ये भाजायचं. मूळचीच ग्लूटेनशिवायची, कशाची नक्कल नाही. बेसनही मात्र गिरणीतलं नको.

१०. बिघडलं तर कारण कुठे शोधायचं

मध्ये चिकट, कच्चा: पाणी जास्त, बेस जाड, किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. कडक आणि फुटीर: पाणी कमी, पीठ जुनं. चपटा राहिला: यीस्ट मेलं किंवा फुगवण्याच्या वेळी खोली गार होती. रवाळ: तांदळाचं पीठ जाड; पुढच्या वेळी भिजवल्यावर वीस मिनिटं जास्त मुरू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.

११. उरलेले बेस

ग्लूटेन-फ्री बेस मैद्याच्या बेसपेक्षा लवकर कडक होतो, आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तर आणखी लवकर. म्हणून एका बैठकीत चार बेस करा, सातव्या पायरीपर्यंत भाजा, जाळीवर पूर्ण गार करा आणि प्रत्येकामध्ये कागद घालून, पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर चांगले राहतात. वाढदिवसाला मुलीला दुसऱ्यांच्या घरी पाठवताना एक बेस, सॉसची बाटली आणि फॉइलचा तुकडा बरोबर द्या. फॉइल खाली घालून तो त्यांच्याच ओव्हनमध्ये, पण इतर पिझ्झांच्या आधी आणि एकटा भाजायला सांगा. फ्रीझरमधून काढलेला बेस वितळवत बसायची गरज नाही, गोठलेल्यावरच सॉस-चीज घालून २२० अंशांवर १२ मिनिटं. उरलेला भाजलेला तुकडा गरम करायचा असेल तर तव्यावर ठेवा, शेजारी पाण्याचे चार थेंब टाका आणि दोन मिनिटं झाकण.